सर मामा झाले तेव्हा

आमची पूनमताई भावकीतली पहिली सायकॉलॉजीवाली. शिरूरच्या एका समुपदेशन केंद्रात पाचशे तास काम करायचं, प्रत्येक तासाची नोंद वहीत करायची आणि खाली पृथ्वीराज सरांची सही घ्यायची, की ती समुपदेशक. रोज वरवंडहून चौफुला, तिथून एसटी. मार्गशीर्षापर्यंत चारशे साठ तास भरले होते.

घरी आली की मी विचारायची, "आज कोण रडलं?" ती तांब्या तोंडाला लावत म्हणायची, "नाव न्हाई, गाव न्हाई." पेशंटबद्दल ती कधी फुटली नाही. सरांची नक्कल मात्र चालायची. चष्मा काढायचा, काच शर्टाला पुसायची आणि, "हं… पूनम, त्याचं असं आहे, आपल्यात औपचारिकता नको. तू घरचीच." घरचीच म्हणून ताईनं सरांच्या मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट केला, मॅडमच्या बीपीच्या गोळ्या आणल्या. "सर, हे नियमात बसत नाही," असं एकदा बोलली, तर सर हसले. "ते नियम अमेरिकेत. इथं माणसं राहतात."

मग एकदा म्हणाले, "स्वतःचं मोकळं केल्याशिवाय दुसऱ्याचं कसं ऐकशील?" ताईनं सांगितलं. बारावीला नापास झाली तेव्हा ती पहाटे विहिरीच्या काठावर जाऊन बसली होती. ऊन वर आल्यावर परत आली. आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं.

चूक केली ती आईनं. तिला पाठचा भाऊ नाही. राखीपुनवेला सर जेवायला आले, तर आईनं ताटात राखीच ठेवली. आबांनी, आमच्या वडिलांनी, टॉवेल-टोपी दिली. "आजपासनं पोरींचं मामा तुमी." सरांचे डोळे भरून आले. फोटो त्यांच्या स्टेटसला लागला.

मी ताईला कोपर मारलं, "मज्जा हाय की! आता सही घरबसल्या."

ती हसली नाही.

मार्गशीर्षात राहू गावचं स्थळ आलं. ताई म्हणाली, चाळीस तास होऊ द्या. आबांनी सरांना फोन लावला, "मामा, तुमीच समजावा." आमच्यात मामाच्या शब्दाशिवाय सुपारी फुटत नाही.

सर आले. भाकरी मोडत म्हणाले, "हं… आबा, त्याचं असं आहे, तिच्यावर दडपण आणू नका. बारावीला विहिरीपर्यंत गेलेली पोर आहे ती."

आबांचा घास हातातच राहिला. आई चुलीपुढून उठलीच नाही.

सर गेल्यावर आबा म्हणाले, "उद्यापासनं शिरूर बंद. बोभाटा व्हायच्या आत राहूवाल्यांना हो म्हणा. हिचंच डोकं ठिकाणावर न्हाई, आन् ही लोकांची डोकी नीट करनार व्हय?"

ताई वही घेऊन शेवटचं शिरूरला गेली. मी सोबत होते.

"सर, ते मी तुम्हाला सर म्हणून सांगितलं होतं."

"आणि मी मामा म्हणून बोललो. सर म्हणून एक अक्षर बोललो नाही."

"मग सर म्हणून मला उरलेले तास द्या."

सरांनी चष्मा काढला, काच शर्टाला पुसली. "आबांच्या शब्दाबाहेर कसा जाऊ? घरचा माणूस मी."

ही नक्कल आता मलाही हुबेहूब जमते. पण घरात कुणी करायला सांगत नाही.

परतीच्या एसटीत ताईनं मोबाइलवर कॉलेजचा तक्रारीचा अर्ज उघडला. एक रकाना होता: संबंधित व्यक्तीशी आपलं नातं. न्हावऱ्यापर्यंत ती त्या रकान्याकडं बघत राहिली. मग तिनं स्क्रीन बंद केली.

काल सुपारी फुटली. पहिला मान मामांचा, नारळ त्यांच्याच हातात दिला.

संध्याकाळी ताईचा फोन वाजला. कारेगावची कुणी कंपनीतली बाई, ताईची पेशंट, केंद्राकडून नंबर घेतलेला. आवाज मलाही ऐकू येत होता. "मॅडम, कवा येनार तुमी? सर म्हनत्यात, आता माझ्याशी बोल."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "जा. पण घरचं काही सांगू नका."

"मग सांगू काय?"

"झोप येत न्हाई म्हना," ताई म्हणाली. "तेवढंच सांगा."