हातमोजेवाला गोलकी

"हळू उघडा, साहेब. आत माणसं हायेत."

इटलीहून सुट्या भागांची पेटी आली की तो हे म्हणणारच. बोईसरच्या एका कापड कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो आणि तो मागांना तेल घालायचा. पेटी माझ्या टेबलासमोर उघडली जायची, आणि हा तेलाची झारी हातात घेऊन दारात हजर. भागांभोवती गुंडाळलेले जुन्या वर्तमानपत्राचे गुलाबी कागद तो मांडीवर घ्यायचा आणि तळहातानं एकेक सुरकुती काढायचा. बेअरिंगं आली की नाही, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं.

आत खरंच माणसं असत. आमचे माग ज्या शहरात बनत, तिथल्या फुटबॉल क्लबचे आजवरचे सर्वांत थोर खेळाडू ते वर्तमानपत्र एकेक करून छापत होतं. हे मी आपलं मथळ्यांवरून ताडलेलं. इटालियन मला ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्याकडे इंग्रजी अक्षरं वाचणारा म्हणजे सर्वज्ञ, आणि मीही तो मान बिनदिक्कत घेत होतो.

"काय लिवलंय?" तो विचारायचा. मी नाव वाचायचो आणि पुढचं मनानं ठोकून द्यायचो. हा मच्छीमाराचा मुलगा. हा अनवाणी खेळायचा. याच्या लग्नाच्या दिवशी सामना होता, तर हा मांडवातून मैदानावर गेला. तो मान डोलवत ऐकायचा, फोटो वहीत चिकटवायचा आणि खाली मराठीत माझं वाक्य लिहून ठेवायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण सहज बोलून जातो आणि ती ते जपून ठेवतात. अशांची आपल्याला गंमत वाटते. मला तर फारच वाटायची.

तो सफाळ्याच्या आतल्या एका गावातून यायचा. भात कापून झालं की तिथल्या मोकळ्या शेतात सामने होत आणि हा गोलात उभा राहायचा. चेंडू अडवताना उजव्या हाताचं एक बोट मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. वहीत दहा खेळाडू जमले तरी गोलकी काही मिळेना. "आमचा माणूस कुटं राहिला?" प्रत्येक पेटीला हाच प्रश्न.

एका दुपारी मी चहा पीत बसलो होतो. त्यानं कागद पुढे केला. फोटोत एक देखणा माणूस दोन्ही पंजे वर करून हसत होता, हातात हातमोजे. खाली किंमत छापलेली. जाहिरात होती, हे मला चांगलं दिसत होतं.

"हाच तुझा गोलकी," मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. "पेनल्टी अडवताना याचं बोट मोडलं. तरी शेवटपर्यंत खेळला."

त्यानं आपलं वाकडं बोट फोटोजवळ धरलं. "माज्यासारकंच," म्हणाला आणि इतका हसला की मला वाटलं, आपण पुण्यच केलं.

पुढच्या हिवाळ्यात मागांच्या दुरुस्तीसाठी इटलीहून एक मेकॅनिक आला. तोडकंमोडकं इंग्रजी बोलायचा, म्हणून दुभाषा मी. तेलवाल्यानं धीर करून त्याच्यासमोर वही उघडली. मेकॅनिक ओरडलाच. त्याच्याच गावचा क्लब! एकेका फोटोवर तो बोट ठेवून नाव घ्यायचा आणि छातीला हात लावायचा. खात्यातले सगळे भोवती जमले. आमच्या तेलवाल्याचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

अकरावं पान आलं. मेकॅनिक आधी थबकला, मग पोट धरून हसला. हा तर हातमोजे विकणारा! भाषांतराची गरजच पडली नाही. सगळं खातं हसलं. सुपरवायझरनं विचारलं, "कोणी सांगितलं रे तुला, हा गोलकी म्हणून?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मला काय माहीत?" मी म्हणालो. "मी कधी नीट बघितलंच नाही."

"नाय, साहेबांनी नाय सांगितलं," तो घाईनं म्हणाला. "हातमोजं बघून मीच लावला." आणि वही मिटली.

मेकॅनिक मनानं चांगला. जाताना त्यानं खऱ्या गोलकीबद्दल एका चिठ्ठीवर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि त्याला वाचून दाखव म्हणून माझ्याकडे दिल्या. मी दाखवल्या नाहीत. आज देऊ, उद्या देऊ करत राहिलो. चिठ्ठी द्यायची म्हणजे आधी माफी मागायला हवी होती, आणि तेलवाल्याची माफी मागायला माझी जीभ वळेना. पेट्या येत राहिल्या. तो तेल घेऊन जायचा, पण गुलाबी कागदांकडे पाहायचा नाही. दोन वर्षांनी नोकरी सोडून गावी गेला.

चिठ्ठी मी टाकूनही दिली नाही. निवृत्त झाल्यावर एकदाचा सफाळ्याला उतरलो आणि विचारत विचारत त्याच्या घरी पोचलो. आदल्या वर्षीच तो गेला होता.

त्याची मुलगी शाळेत शिकवते. तिनं वही आणून दिली. दहा पानं जशीच्या तशी, खाली माझ्या थापा त्याच्या वळणदार अक्षरात. अकराव्या पानावर फक्त खळीचा डाग. मी चिठ्ठी काढली, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच वाचली. आधी नाव. मग, "गोल झाला तरी त्यानं कधी आपल्या संघातल्या माणसाकडे बोट दाखवलं नाही."

"हे बाबांना माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो. "आणि तो हातमोजेवाला मीच सांगितला होता."

"ते माहीत हाय," ती म्हणाली आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "बाबा सांगायचे ना. साहेबांना त्या दिवशी लय घाई होती, म्हणून वाचण्यात चूक झाली."

मला त्या दिवशी कसलीही घाई नव्हती.