आबांचा पाच वाजताचा पेला

व्हिस्की कशी प्यावी यावर मी अगदी अधिकाराने बोलू शकते. आजवर थेंबभरसुद्धा जिभेवर ठेवलेली नाही, ही गोष्ट निराळी. नातेवाइकांच्या गच्चीवरच्या पार्ट्यांत माणसं त्या बिचाऱ्या दारूत काळं गोड पाणी ओततात, वर बर्फाचे खडे रचतात आणि पाच मिनिटांत ग्लास रिकामा करतात. ते बघून माझं डोकं सणकतं. एकदा मी एका पाहुण्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि म्हटलं, "अहो, सरबतच प्यायचं होतं तर मी करून दिलं असतं." तो पाहुणा अजून मला बघितलं की लांबून जातो.

हे सगळं ज्ञान आबांचं. आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार होऊन ते निवृत्त झाले, मुळशीतल्या आमच्या गावी परतले आणि पिरंगुटच्या एका कंपनीत गेटवर लागले. पहिली पाळी करून अडीच-तीनपर्यंत घरी यायचे, जेवून थोडे पडायचे आणि बरोबर पाच वाजता ओट्यावर येऊन बसायचे. मग मी पेला आणायची. हे काम आईने कधी केलं नाही आणि आबांनी तिला कधी सांगितलंही नाही. मी नववीत असल्यापासून ते माझ्याकडे होतं. डी.एड. करून जवळच्या गावात शाळेवर रुजू झाले, तरी पाचच्या आत घरी पोचायची माझी धडपड असायची.

निवृत्त फौजी म्हणून आबांना पुण्याच्या कँटीनमधून महिन्याचा कोटा मिळायचा. बाटली टॉवेलात गुंडाळून, पिशवीत खालच्या बाजूला आणि वर भाजी अशी ती एसटीतून यायची. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या व्हिस्कींची नावं त्यांचीच होती. एक लाल झाकणाची. ती त्यांना फारशी आवडायची नाही. "हिला गुऱ्हाळाचा वास येतो. उसाची हाय ही, उगंच विलायती कपडं घातल्यात," असं म्हणायचे. तिच्यात पाणी जास्त घालायचं आणि सोबत काहीतरी तिखट हवं, भाजलेला बोंबील किंवा पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे. दुसरी किल्ल्याची, कारण कागदावर किल्ल्याचं चित्र होतं. ही त्यांची लाडकी. हिला चुलीजवळ वाळत घातलेल्या कपड्यांसारखा थोडा धुरकट वास होता, आणि तो मला अजून आठवतो. हिच्याबरोबर फक्त भाजलेले शेंगदाणे, तेही बिनमिठाचे. तिसरी सायबाची. त्यांच्या कॅप्टनने निरोपाच्या वेळी दिलेली, खरीखुरी परदेशी. ती वर्षातून दोनदाच निघायची, आणि तिचा पहिला घोट बिनपाण्याचा.

पद्धत ठरलेली. जाड बुडाचा काचेचा पेला, मेसमधून त्यांच्यासोबत आलेला. स्टीलच्या भांड्यात ओतलेलं त्यांना चालायचं नाही, रंग दिसत नाही म्हणून. दोन बोटं व्हिस्की. बोटं कुणाची यावर आईचा आणि त्यांचा वाद व्हायचा, कारण आबांची बोटं चांगलीच जाड होती. मग ती माझी ठरली. आधी दारू, मग पेला हातात धरून थोडा फिरवायचा, वास घ्यायचा आणि त्यानंतरच पाणी. पाणी माठातलं. आमच्याकडे फ्रीज नव्हता, पण असता तरी त्यांनी त्यातलं पाणी घेतलं नसतं. "गार पान्यानं ती आंग चोरती," म्हणायचे. पाणी घातल्यावर जरा थांबायचं. आणि एवढा एक पेला गुरं परत येईपर्यंत पुरवायचा. दुसरा नाही. लग्न असो, मयत असो, दुसरा नाही.

घरात भिंतीवर दोन तसबिरी होत्या, आमच्या सगळ्या बौद्ध घरांत असतात तशा. त्या तसबिरींसमोर आबांनी कधी पेला धरला नाही. म्हणून ओटा. आणि आमचा ओटा म्हणजे निम्मा रस्ताच, येणारा-जाणारा प्रत्येक जण बघायचा. आईचा राग पिण्यावर नव्हता, उघड्यावर पिण्यावर होता. "मागल्या अंगाला बसा की," ती म्हणायची. आबा म्हणायचे, "लपवायचं आसंल तर पिऊच नये मानसानं."

पण खरी गोष्ट पेल्याची नाही, पेल्याभोवतीच्या तासाभराची आहे. एरवी आबा घुम्या माणूस. सकाळपासून दहा शब्द बोलले तर पुष्कळ. पाणी घालून झालं, पहिला घोट गेला, की ते बोलायला लागायचे. बर्फात रुतलेली गाडी कशी काढली, एका स्टेशनावर रात्रभर तळ पडला तेव्हा कुणी भाकऱ्या दिल्या, वाळवंटात पाणी कसं राखून प्यायचं. मी शाळेत भूगोल शिकवायची तो निम्मा आबांचा होता. मग ते विचारायचे, "आज काय शिकिवलंस?" आणि माझं नीट ऐकून घ्यायचे. मला वाटतं, माझ्या वयाच्या गावातल्या कुठल्याच मुलीचे वडील तिच्याशी एवढं बोलत नसतील. मला याचा अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

त्याच सुमारास पौडच्या बसमध्ये एक जण रोज दिसायला लागला. पिरंगुटच्या एका कारखान्यात कारकून, पुण्यात राहणारा. आमच्याच समाजातला. आधी जागा धरून ठेवणं, मग वर्तमानपत्राची देवाणघेवाण, मग शाळेच्या मुलांसाठी कोरे कागद. वर्षभराने तो म्हणाला, "वडिलांना घेऊन येऊ का तुमच्याकडे?" लग्नानंतर मी नोकरी करावी, बी.ए. करावं असं तो स्वतःहून बोललेला. मला तो आवडला होता. त्या काळात हे आईलाही सांगता येत नसे, पण आईला कळलं होतं. त्याचे वडील कडक उपासक आहेत, त्यांच्या घरात चहाखेरीज कसलंही व्यसन नाही, हेही कळलं होतं.

पाहुणे येणार त्या दिवशी आईने किल्ल्याची बाटली तांदळाच्या कणगीत पुरून टाकली. आमच्यात अशा कामाची सुरुवात वंदनेने होते. तसबिरींपुढे मेणबत्ती लावायची, त्रिसरण आणि पंचशील म्हणायचं. आबांचा आवाज परेडचा, त्यामुळे गावात कुठेही वंदना असली की पुढे आबाच असायचे. पण ते चार शिलं म्हणून थांबायचे. पाचवं शील दारू न पिण्याचं. ते शेजारचे एक म्हातारबाबा उचलायचे आणि पुढे चालू ठेवायचे. गावाला त्याची इतकी सवय झाली होती की कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आई मात्र सकाळपासून आबांच्या मागे लागली होती. "आजच्या दिवस म्हना. न्हाईतर नुसतं व्हट तरी हालवा."

आबांनी सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. आणि थांबले. ओठ मिटलेले, हात जोडलेले. म्हातारबाबा त्या दिवशी नव्हते, म्हणून मी आणि आईने घाईघाईने पाचवं उचललं, तेही इतक्या वरच्या सुरात की दोघींचाही आवाज चिरकला.

वंदना संपली. पोह्यांच्या बशा आल्या. मुलाचे वडील बशी हातात घेऊन म्हणाले, "हवालदारसाहेब, पाचवं शील आपण घेतलं नाहीत."

"न्हाई घेतलं," आबा म्हणाले. "मी रोज एक पेला घेतो. जे पाळत न्हाई त्ये म्हनायचं कसं? चौथ्यात म्हनलो, खोटं बोलनार न्हाई. आन् लगीच पाचव्यात खोटं बोलू व्हय?"

त्या माणसाने बशी खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाले, "आमच्याकडे हे बसायचं नाही." आणि उठले. मुलगा माझ्याकडे न बघता त्यांच्यामागे गेला. पुढच्या सोमवारी बसमध्ये तो होता, पण खिडकीबाहेर बघत होता. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की तूर्त थांबू.

निरोप आला त्या संध्याकाळी मी आबांना जे बोलले ते मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. ते ओट्यावर बसले होते. मी पेला आणलाच नाही. उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "लेकीपरीस तुमाला पेला मोठा हाय. आसंच ना? मंग बसा त्योच घिऊन. मी न्हाई बसायची हितनं पुढं."

आबांनी मान खाली घातली आणि पायाशी पडलेली शेंगदाण्यांची सालं गोळा करत राहिले.

पुढचे आठ दिवस त्यांनी स्वतः पेला भरला. पाणी माठातून घेताना सांडायचे, कारण एवढ्या वर्षांत त्यांना कधी ते करावं लागलं नव्हतं. मी आतून बघायची आणि दार लोटून घ्यायची. माझ्या रागापुढे कुणाचं काही चालत नाही, तेव्हाही चालत नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी आबांनी रजा टाकली, इस्त्रीचे कपडे घातले आणि पहिल्या बसने पुण्याला गेले. कुठे, ते सांगितलं नाही. दुपारी परत आले, चप्पल काढता काढता आईला म्हणाले, "म्हनले, तारीख काढा."

आई रडायलाच लागली. मीही. पाच वाजले, आबा ओट्यावर आले, पण बाटली काढली नाही. पुढच्या पौर्णिमेला विहारात त्यांनी पाचवं शील म्हटलं. शेजारचे म्हातारबाबा नेहमीप्रमाणे उचलायला गेले आणि गोंधळून मध्येच थांबले. कणगीतली उरलेली किल्ल्याची आईने दोन हिवाळे आपल्या गुडघ्यांना चोळून संपवली. मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. मुलाच्या वडिलांनी अट घातली, आबांनी मान्य केली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी विचारलं नाही. लग्न ठरलं होतं, आणि मला फक्त तेवढंच दिसत होतं.

लग्नानंतर मी माहेरी यायची तेव्हा पाच वाजता ओट्यावर जायची. आबा बसलेले असायचे, हातात चहाचा कप. मी शेजारी बसायची. "बरं हाय ना?" ते विचारायचे. "बरं हाय." मग दोघं रस्त्याकडे बघायचो. पाच मिनिटांत ते उठून लाकडं फोडायला जायचे. बर्फ, वाळवंट, स्टेशनं, काही नाही. मी मुद्दाम विषय काढायची, "आबा, ती गाडी कुठं रुतली होती?" तर म्हणायचे, "लई दिस झालं, आठवत न्हाई." त्या पेल्यासोबत माझे अर्धे वडील गेले होते, आणि मला ते सहन होत नव्हतं.

याचा सगळा राग मी सासऱ्यांवर काढला. उघड नाही, मी तशी वळणाची सून. त्यांचं पथ्य सांभाळलं, आजारपणं काढली, पहाटे त्यांच्या वंदनेला उठले. पण मनात एक आढी कायम होती. ताट वाढताना वाटायचं, या माणसाने एका अटीसाठी माझ्या बापाची वाचा घेतली. ते मला दोन-तीनदा म्हणाले होते, "तुझे वडील म्हणजे फार मोठा माणूस गं." मला ते ऐकून आणखीच चीड यायची. मी "हो" म्हणून भांडी आवरायला निघून जायची.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि सासरे गेले. सगळे विधी उरकल्यावर मी नवऱ्याला सांगून, त्याच्या ओळखीच्या एका फौजीकडून किल्ल्याची एक बाटली मिळवली. पिशवीत खाली बाटली, वर मेथीची जुडी, अशी पौडच्या बसने माहेरी गेले. आबा तोवर कंपनीतूनही निवृत्त झाले होते. मी बाटली त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवली.

"घ्या आता," मी म्हटलं. "ज्यांनी अट घातली त्येच गेले. तुमी सुटलात."

आबांनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कसली अट?"

"दारू सोडायची. त्याशिवाय का मामंजींनी तारीख काढली?"

"त्येंनी कुटं अट घातली?" आबा म्हणाले. "मी त्येंच्या दारात जाऊन म्हनलो, आजपास्नं सोडली. तर म्हनले, माज्यासाठी सोडू नगा. तुमच्यावानी खरं बोलनाऱ्याच्या घरातनं मी त्या दिवशी उठून आलो, त्येचीच मला लाज वाटतीया. पेल्याचं तुमचं तुमी बगा, पोरगी आमाला द्या. वर चा पाजला मला."

मी म्हटलं, "मग मला सांगितलं का न्हाई?"

"तू कुटं इचारलंस?"

"मग सोडली कशाला आबा?"

ते रस्त्याकडे बघत होते. "तूच म्हनली व्हतीस की. लेकीपरीस पेला मोठा हाय म्हनून."

सहा वर्षं मी ज्यांच्या ताटात आढी धरून वाढलं, त्या माणसाला आता काही सांगता येणार नव्हतं. ज्याला सांगता येत होतं तो हाताच्या अंतरावर बसला होता, आणि मला रडण्याखेरीज काही जमत नव्हतं. शेवटी कसंबसं म्हटलं, "आबा, मी रागात बोलले व्हते."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "पर खोटं न्हवतीस बोलली."