हवाहवासा धूर

कहायान नदीकाठच्या त्या गावात धूर दिसला की माणसं आधी धावतात, मग विचारतात. तिथली जमीन दिसायला काळीभोर, कसदार. पण ती माती नव्हेच, शतकानुशतकं पाण्यात कुजलेला पालापाचोळा. झाडाला द्यायला तिच्यात काही नाही आणि वाळून पेटली की आतल्या आत महिनोन्महिने धुमसते. अशाच एका आगीच्या धुरानं म्हाताऱ्या सालुनचा नवरा गेला. गाव तिला तांबी म्हणतं, म्हणजे आजी.

त्या आगीत जळालेल्या जमिनीच्या तुकड्यावर पुन्हा बलंगेरानची झाडं उभी करायची, हे एकच खूळ म्हातारीच्या डोक्यात. नवऱ्याची पहिली होडी त्याच लाकडाची होती. आधी लावलेली रोपं उपाशी मेली. या झाडांना दरवर्षी बी धरत नाही. आताची रोपं गेली तर तिच्या हयातीत दुसरी मिळणं कठीण. म्हणून खतासाठी ती नदीतली जलपर्णी ओढून काढायची.

शेजारचा दुयान हसायचा. "तांबी, लोक नदीतून मासे आणतात, तू कचरा आणतेस!"

"मासे तू गिळ. माझ्या रोपांना हेच लागतं."

जलपर्णी चिरून, कोंबड्यांची विष्ठा मिसळून तिनं परसात ढीग रचला. एका गार पहाटे बघते तर ढिगातून धूर! हात घातला तर चटका. म्हातारीचा धीरच सुटला.

"दुयान! पेटलं रे, धाव!"

दोघांनी बादल्यांमागून बादल्या ओतल्या. ढीग थंडगार झाला. मग दुयाननं हाताला लागलेला लगदा हुंगला. जळका वास नव्हता, राख नव्हती.

"तांबी, ही वाफ होती गं. तुझं खत मुरत होतं, मुरताना ते आतून तापतंच."

सालुन तिथंच चिखलात बसली आणि रडली. रोपं आधीच पिवळी पडायला लागली होती, आणि खत तिनं आपल्या हातानं बुडवलं होतं. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

पण रडून भागणार नव्हतं. तिनं ढीग उलगडला, उन्हात पसरला, नवी जलपर्णी चिरून पुन्हा रचला. दुयान न बोलावता कोयता घेऊन आला. त्यानंतर रोज उठल्या उठल्या ती ढिगात हात घालून बघायची. गार. दुसऱ्या दिवशीही गारच.

मग एका सकाळी तिची हाक आली, "दुयान! धूर आला रे, धूर!"

तो बादली घेऊनच धावला. म्हातारी कोपरापर्यंत हात ढिगात खुपसून बसली होती, डोळे पुसत, हसत.

"बादली ठेव खाली," ती म्हणाली. "हा नाही विझवायचा."