खिळ्यावरची अकरा कार्डं

सायरन थांबला आणि गेटवरच्या स्क्रीनवर सगळी नावं हिरवी झाली. दोनशे चौदापैकी दोनशे चौदा, तेही चार मिनिटांत! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"सर, टाळ्या नंतर," फराटे मॅडम म्हणाल्या. कुरकुंभच्या या केमिकल कंपनीच्या त्या सेफ्टी ऑफिसर. "तिकडं बघा."

शेडमधून ऑपरेटर सलीममामा निवांत हात पुसत येत होते. स्क्रीनवर मात्र ते कधीच सुखरूप बाहेर पोचले होते.

मॉक ड्रिल होतं म्हणून बरं. खरंच गॅस गळला असता तर मामांना शोधायला आत कुणी गेलंच नसतं.

गेटवरच्या मशीनला कार्ड लावलं की नाव हिरवं करणारं हे सॉफ्टवेअर तपासणारा टेस्टर मी. शिरूरच्या ऑफिसात चहा पीत सगळं तपासलं होतं. युनिट टेस्ट: कार्ड लावलं की मशीन वाजतं का? वाजतं. इंटिग्रेशन टेस्ट: ती नोंद गेटच्या स्क्रीनवर पोचते का? पोचते. लोड टेस्ट: एकदम गर्दी झाली तर अडकतं का? छे! एका दमात अकरा कार्डं गिळली. हे मी रिपोर्टात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. राहिली ॲक्सेप्टन्स टेस्ट, म्हणजे वापरणाऱ्यांच्याच हाती देऊन बघणं. "ती काय, फॉर्मॅलिटी," असं मीच म्हणालो होतो.

"मामांचं कार्ड कुणी लावलं?" मॅडमनी विचारलं.

त्याच शेडमधले, मांडवगणचे आप्पा पुढे झाले. हातात पत्त्यांसारखी अकरा कार्डं. "म्या. कार्डाची गळ्यातली दोरी शेडातल्या मशिनीत अडकती, म्हणून कार्डं दाराजवळ खिळ्याला टांगतो. शेवटी निघंल त्यानं समदी आणायची."

"अहो, पण मामा आतच होते!" मॅडम म्हणाल्या.

"पंपाच्या आवाजात सायरन कळला नसंल. कार्ड तर वाचवलं की न्हाई?"

उपायही आप्पांनीच सांगितला: ज्यानं त्यानं आपलंच कार्ड उचलायचं. कार्ड खिळ्यावर राहील तो माणूस आत. पंपाशेजारी सायरनबरोबर पेटणारा लाल दिवा बसवला. कार्डांचा गठ्ठा नाकारायला आम्ही सिस्टीमला शिकवलं. मग रिग्रेशन टेस्ट केली, म्हणजे नवं बसवताना जुनं मोडलं नाही ना, ते पाहिलं.

दुसऱ्या ड्रिलला मी खिळा बघायला शेडमध्येच थांबलो. एकही कार्ड नाही! हरखून परत बघतोय, तोच मास्क लावलेले सलीममामा धावत आले आणि माझं बखोट धरलं.

"साहेब, भाईर चला! स्क्रीनवर एक नाव लाल हाय!"

"कुणाचं?"

"तुमचंच की!"

व्हिजिटर कार्ड माझ्या खिशात होतं.

रिपोर्टात लिहिलं: सिस्टीम पास. टेस्टरला ओढून बाहेर काढावं लागलं.