बाईंचा तास, माझा शेरा

श्रीमती गजभियेबाईंची आणि माझी पहिली भेट मी शिकवीत असलेल्या मुलींच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत झाली आणि त्या भेटीत मी त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही. एकोणीसशे साठ साल नुकतेच उलटले होते. बाईंच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारलेला. हेडमास्तरांनी ओळख करून देताना तेवढेच सांगितले. त्या इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्या आहेत, हे सांगायचे त्यांना सुचले नाही. चहा आला तेव्हा बाईंचा कप निराळा होता. आम्ही सर्वांनी तो पाहिला आणि निमूट आपापला चहा प्यालो.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे ‘गोड आठवणी’ मागितल्या आहेत. समितीतले निम्मे लोक त्या दिवशी त्याच खोलीत चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडून गोडाची अपेक्षा ठेवू नये.

बाई आठवी ‘ब’ला इंग्रजी शिकवीत. गांधीबागेतल्या कापडाच्या पेढ्यांवर हमाली करणाऱ्यांच्या मुली त्या वर्गात पुष्कळ होत्या. इंग्रजीतली शब्दयोगी अव्यये म्हणजे आम्हा सर्वांची डोकेदुखी. मी तीस शब्दांची यादी फळ्यावर लिहून देई: ऑन म्हणजे वर, इन म्हणजे मध्ये, आणि पाठ करा. बाईंना ही यादी मान्य नव्हती. भिंतीवर घड्याळ, झाडावर पोपट, डोक्यावर पंखा. मराठीत तिन्हीकडे एकच ‘वर’, इंग्रजीत मात्र ऑन, इन, ओव्हर असे तीन निरनिराळे शब्द. मग यादी पाठ करून मुलीला काय कळणार, असे त्या विचारीत. त्या घरून भात शिजवायचा एक पितळी गंज आणि एक लिंबू आणीत. एक मुलगी लिंबू गंजात टाकी, गंजाखाली सारी, गंजावर हवेत धरी. बाकीच्या ते कुठे आहे हे इंग्रजीत सांगत. “पाठ नका करू वं पोरींनो, ठेवून पाहा,” हे बाईंचे वाक्य शेजारच्या वर्गात मला रोज ऐकू येई. मी हसत असे. महिन्याभरात त्यांच्या मुली माझ्या मुलींपेक्षा नीट इंग्रजी बोलू लागल्या, तेव्हा माझे हसणे बंद झाले.

बाईंनी हेडमास्तरांकडे एकच मागणी लेखी केली होती: या मुली मॅट्रिकपर्यंत माझ्याकडेच राहू द्याव्यात. मॅट्रिकचा वर्ग तोवर आमच्यासारख्यांचाच असे. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला आला तर पाहू, असे उत्तर मिळाले.

तपासणीच्या दिवशी सकाळी हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितले, “आठवी ‘ब’ आज तुम्ही घ्या. बाईंना पाचवीवर पाठवतो.” कशासाठी, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. मी वर्गात गेलो. टेबलावर बाईंनी पहाटे घासून आणलेला गंज होता, शेजारी लिंबू होते. माझ्या खिशात माझी यादी होती; ती मी खिशातच ठेवली. मी लिंबू उचलले, आणि मुली पोपटासारख्या नव्हे, विचार करून बोलू लागल्या. साहेब खूष झाले. शेरेबुकात माझे नाव घालून त्यांनी अर्धे पान स्तुती लिहिली. एवढे म्हणायला मला तोंड होते, की साहेब, हा वर्ग माझा नाही. मी “आभारी आहे” म्हणालो.

शाळा सुटल्यावर बाई आल्या. “सर, गंज नेऊन राहिली मी. सांजच्याले भाताले लागते,” एवढेच बोलल्या. मी गंज पुसून त्यांच्या हातात दिला.

त्या शेऱ्यावर मॅट्रिकचा वर्ग मला मिळाला आणि पुढे हेडमास्तरांची खुर्चीही. बाई निवृत्त होईपर्यंत आठवीतच राहिल्या. खुर्चीवर मी बसल्यावरसुद्धा. म्हणजे तेव्हा दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. त्या मुली माझ्या हाती आल्या आणि मी पुन्हा यादी काढली. मॅट्रिकला त्यांतल्या निम्म्या इंग्रजीत नापास झाल्या. बाईंनी त्यांना सक्करदऱ्याच्या आपल्या घरी बोलावून दर रविवारी फुकट शिकवले. काही ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत सुटल्या. काहींना घरच्यांनी पुन्हा बसूच दिले नाही. लग्ने लावून दिली.

पुढे माझी मुलगी इंग्रजीत नापास झाली, तेव्हा मीही तिला घेऊन त्याच दारात उभा राहिलो. बाईंनी तिला आत घेतले, वर्षभर शिकवले, जेवू घातले. मला त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मला त्या दिवशी शिव्या हव्या होत्या.

इथवरचा हा लेख छापायला देण्याआधी गेल्या आठवड्यात मी तो बाईंना वाचून दाखवला आणि माफी मागितली. बाई म्हणाल्या, “आता काहून मागून राहिले सर? माह्या वाट्याची माफी मी देऊन टाकीन. पण ज्या पोरींची शाळा सुटली, त्यांच्या वाट्याची मी कशी देऊ? ते मले नाही जमत.”

“मग हा लेख फाडू का?” मी विचारले.

“फाडू नका. छापा. पोरी वाचतीन.”

म्हणून तो जसाच्या तसा समितीकडे देत आहे. एक ओळही गाळू नये. बाईंची दृष्टी, गुडघे आणि आवाज शाबूत राहोत, त्यांना भरपूर आयुष्य लाभो. मला पोरींच्या वाट्याची ती माफी न देण्याचा त्यांचा हक्क त्यांना पुष्कळ वर्षे बजावता यावा.