नाकावरचा मुद्देमाल

ती दुपार मी विसरलेलो नाही, आणि विसरता येईल असे वाटतही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्याबद्दल कोणी विचारले तर सांगतो. ही गोष्ट मात्र फारशी कोणाला सांगितली नाही, कारण तिच्यात माझे वागणेही सांगण्यासारखे नाही.

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात नाव घातलेला मी पहिलाच, तेही निवृत्तीनंतर. बारावी होऊन शिपाई म्हणून भरती झालो, खात्याची परीक्षा देऊन उपनिरीक्षक झालो, आणि आता या वयात मुक्त विद्यापीठात बी.ए. करतो आहे. तेव्हा मांडणीत काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. नावे कोणाचीच देत नाही.

पुण्यात तेव्हा मोबाइलवरून वस्तू मागवण्याची सवय नुकती लागत होती. आयटीतली मुले बूट, कपडे असे घरपोच मागवतात हे ऐकून होतो. पण डोळ्यांचा चष्मा कोणी न बघता मागवेल, हे आम्हाला पटण्यासारखे नव्हते. मी त्या वेळी पेठेतल्या एका ठाण्यात होतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास नारायण पेठेतून एका चष्म्याच्या दुकानाच्या मालकांचा फोन आला.

"चोर धरलाय. मुलगी आहे. दुकानात बसवून ठेवलीय. माणूस पाठवा."

"पाठवतो."

"लवकर पाठवा. एक वाजता मी दुकान बंद करतो. चोर असो नाहीतर गिऱ्हाईक."

बीट मार्शल गेले आणि मुलीला घेऊन आले. बरोबर महिला शिपाई होती. मुलगी वीस-एकवीस वर्षांची, यवतमाळकडची, कर्वेनगरला एका वसतिगृहात राहणारी. बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. मागोमाग मालक आले. त्यांचे म्हणणे सरळ होते. महिन्यापूर्वी ही मुलगी दुकानात आली, तिने एक काळी फ्रेम घालून पाहिली, किंमत ऐकून परत गेली. नंतर त्यांनी पाहिले तर ट्रेमधली त्या फ्रेमची जागा रिकामी. आणि आज तीच फ्रेम नाकावर घालून ही बया परत दुकानात हजर!

"परत कशाला आली?" मी विचारले.

"स्क्रू सैल झाला म्हणे. माझीच फ्रेम चोरायची आणि मलाच स्क्रू पिळायला सांगायचं. हिंमत बघा!"

मी तक्रार अर्ज आमच्या एका जुन्या हवालदाराकडे दिला आणि म्हणालो, "बघा तुम्ही. मिटण्यासारखं असेल तर मिटवून टाका." एवढे बोलून मी माझ्या टेबलावर एका जुन्या गुन्ह्याचे कागद चाळत बसलो. हवालदाराचे टेबल दहा पावलांवर होते. सगळे ऐकू येत होते.

हवालदाराने पहिले काम केले ते मुलीच्या नाकावरचा चष्मा काढून घेण्याचे. तो त्याने खाकी पाकिटात घातला आणि पाकिटावर पेनाने लिहिले, मुद्देमाल. गुन्हा दाखल नव्हता, जप्तीचा पंचनामा नव्हता, पंच नव्हते. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही.

"कुठून घेतला?"

"ऑनलाइन, सर. मोबाइलवरून."

"कितीला?"

"अकराशेला. काचेसकट."

ठाण्यात होते नव्हते तेवढे सगळे हसले. मीसुद्धा हसलो. मालक म्हणाले, "अकराशेत मी काच पुसूनही देत नाही."

मुलगी सांगत होती ते असे. तिला लहानपणापासून प्लसचा मोठा नंबर, सातच्या आसपास. जुना चष्मा स्वारगेटला बसमध्ये चढताना पडून तुटला. ती या दुकानात गेली, पैसे देऊन डोळे तपासून घेतले. मालकांनी साडेपाच हजार सांगितले. तिने नंबरचा कागद मागितला, तर मालक म्हणाले, कार्ड चष्म्याबरोबरच मिळते. मग ती सरकारी रुग्णालयात अर्धा दिवस रांगेत उभी राहिली, तिथून नंबर लिहून आणला. खोलीतल्या मैत्रिणीने कंपासपेटीतली पट्टी कपाळाला लावून दोन बुबुळांमधले अंतर मोजले, तीनदा. मोबाइलवर दुकानात पाहिलेलीच फ्रेम दिसली, तिने तीच निवडली, कारण ती बसते हे तिला ठाऊक होते. आठ दिवसांत चष्मा आला. पंधरा दिवसांत एका दांडीचा स्क्रू सैल झाला. तो पिळायला ती याच दुकानात गेली, कारण तिला पुण्यात चष्म्याचे दुसरे दुकान माहीत नव्हते.

चोर स्क्रू पिळायला त्याच दुकानात परत जात नाही, हे मला तिथेच कळायला हवे होते.

"उद्या सकाळी माझा पेपर आहे, सर," ती म्हणाली. "चष्मा द्या ना. मी परवा परत येते."

"पेपर आहे तर लवकर मोकळी हो," हवालदार म्हणाला. त्याने खिशातून आपला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतले. दहा मिनिटांत अर्धे पान भरले. "हा माफीनामा. सही कर, फ्रेमचे पैसे महिन्याभरात दे, मालक अर्ज मागे घेतील. कॉलेजला काही कळणार नाही. काय मालक?"

"माझी काही हरकत नाही," मालक म्हणाले. "मी काही राक्षस नाही."

"काय लिहिलंय त्यात?" मुलीने विचारले.

हवालदाराने वाचून दाखवले. गैरसमजातून फ्रेम माझ्याकडे राहिली, त्याबद्दल दिलगिरी, असे काहीसे.

"मला स्वतः वाचायचंय."

"मग वाच की." त्याने कागद पुढे सरकवला.

तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे तिरपा केला. "मले दिसत नाही, सर," ती म्हणाली. इतका वेळ जपून बोललेली शाळेची भाषा तिथे सुटली. "चष्मा द्या, मी वाचतो आन् मग सांगतो."

"तो मुद्देमाल आहे. तो देता येत नाही."

"मग मी सही नाही करत."

"मी खोटं वाचलं का?"

"तसं नाही म्हणत मी. माझ्या आईनं एकदा वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठा दिला होता. घराच्या जागेचा होता. वाचलं एक होतं, लिहिलं दुसरंच होतं. तवापासून आई म्हणते, तू शिक आन् वाचल्याबिगर कुठंच सही करू नको."

हवालदाराने टेबलावर हात आपटला. "शिकलेली आहेस ना? मग शहाणपणा कर!" आणि तिच्यापुढे पेन ठेवले. ती पेनाकडे पाहत नव्हती. तिला ते दिसतही नसावे. ती खाकी पाकिटाच्या दिशेने पाहत होती.

मी उठलो तो त्या अंगठ्याच्या बोलण्यावर. माझ्या आजोबांनी तसेच अंगठे दिले होते. धर्मांतरानंतर वडिलांना शाळेत घातले ते त्यासाठीच. हे मला अर्धा तास आधी आठवले नाही, याची आजही लाज वाटते.

मुलीच्या मोबाइलवर ऑर्डरचा मेसेज होता. मालक म्हणाले, "मेसेज काय, कुणीही दाखवेल." मी महिला शिपायाला मुलीच्या मैत्रिणीशी फोनवर बोलायला लावले आणि गाडीने कर्वेनगरला पाठवले. तासाभरात ती पार्सलचा पुठ्ठ्याचा डबा, छापील बिल आणि सरकारी रुग्णालयाचा नंबरचा कागद घेऊन आली. बिलावर फ्रेमचा क्रमांक होता, मुलीचे नाव होते, डोळ्यांचा नंबर कागदावरचाच होता. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

मालकांच्या दृष्टीने नव्हता. "मग माझी फ्रेम गेली कुठे? तिला काय पाय फुटले? अहो, डबा कुणाचाही आणता येतो. ऑनलाइनवाल्यांनी आधीच आमचा धंदा बसवलाय, आता पोलीसही त्यांच्याच बाजूचे!"

"ट्रे कोण लावतं तुमच्याकडे?"

वीस वर्षे काम करणारे एक काका होते. मी त्यांना बोलावून घेतले. पन्नाशी उलटलेला, हडकुळा माणूस. शर्टाच्या खिशात बारीक स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेला. त्यांना मी तीन वेळा विचारले की ती फ्रेम कुठे गेली. तिन्ही वेळा ते म्हणाले, "विकली गेली असेल, साहेब." कोणाला, तर आठवत नाही. बिल, तर आठवत नाही. घाम मात्र फुटला होता. माणूस खोटे बोलतो तेव्हा बहुधा समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. घाबरतो तेव्हा ज्याला घाबरतो त्याच्याकडे बघत नाही. काका एका दिशेला मुळीच बघत नव्हते. ते मला दिसले, पण कळले नाही.

मी पाकीट फोडून मुलीचा चष्मा काढला. दांडीच्या आतल्या बाजूला फ्रेमच्या मॉडेलचे बारीक आकडे छापलेले असतात; ते बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहायचे होते. माझेही वय झाले होते, आकडे दिसेनात. मी हवालदाराला म्हणालो, "जरा तुमचा चष्मा द्या."

त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून दिला. मी तो लावला, आकडे वाचले, बिलाशी जुळवले. मग तो काढला. माझ्या एका हातात मुलीचा चष्मा होता, दुसऱ्या हातात हवालदाराचा. दोन्ही काळे. दोन्हींच्या दांड्यांना सारखाच बाक. मी हवालदाराचा चष्मा माझ्या डोळ्यांपासून लांब धरून आतले आकडे वाचण्याचा प्रयत्न केला; जमले नाही. मी तो महिला शिपायाकडे दिला.

तिने वाचले. आकडे तेच होते.

"कुठून घेतला?" मी हवालदाराला विचारले.

"दुकानातून."

"कुठल्या?"

त्याने टेबलावरचे कागद सारखे केले.

"बिल आहे?"

काका एकदम बोलले. "साहेब, मालक लग्नाला गावी गेले होते तेव्हा हे आले. म्हणाले, वाचायचा चष्मा बनवून दे, मालकांशी मी बोलतो. आता मी पैसे कसे मागू? आणि मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा नाव कसं सांगू? मालकांचा अर्ज तर ह्यांच्याकडेच होता!"

ठाण्यात कोणी हसले नाही.

मला राग आला, आणि तो आजही उतरलेला नाही. हवालदाराचा तर आलाच. चोरीचा माल नाकावर चढवून त्याने चोरीचा माफीनामा लिहिला होता, तोही दुसऱ्याच्या नावाने. त्याला ते सुचलेसुद्धा नव्हते, कारण फुकट घेतलेल्या वस्तूला तो चोरी मानतच नव्हता. पण मालकांचा राग जास्त आला. मुलीच्या नाकावरची फ्रेम त्यांनी दुकानाच्या दारातून ओळखली होती. हवालदाराच्या नाकावरची तीच फ्रेम हातभर अंतरावर, दोन तास समोर होती. ती त्यांना ओळखू आली नाही. तिथे बघायचे त्यांना कारणच वाटले नाही. आणि मलाही वाटले नाही.

मी मुलीला तिचा चष्मा दिला. तिने तो ओढणीने पुसून डोळ्यांवर लावला. काचांआड तिचे डोळे एकदम मोठे झाले. मला वाटले ती आता रडेल किंवा निघेल. तिने टेबलावरचा माफीनामा उचलला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला.

"मी खाली सही करणार लिहून देते की, सदर दुकानातून मी फ्रेम चोरून नेली असून सदर चोरी मला मान्य आहे..."

गैरसमज हा शब्द त्या कागदात कुठेच नव्हता. दिलगिरीही नव्हती.

शेवटपर्यंत वाचून तिने कागद खाली ठेवला. "वाचलं, सर," ती म्हणाली. "सही करत नाही."

मालक घड्याळाकडे बघत म्हणाले, "ठीक आहे, गैरसमज झाला. चालायचंच."

"चालायचं नाही," मी म्हणालो. "तिला तसं म्हणा."

ते तिच्याकडे न बघता काहीतरी पुटपुटले. मी पुन्हा म्हणायला लावले. दुसऱ्यांदा ते ऐकू आले. काकांनी तोवर न सांगता खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. त्यांनी हात पुढे केला, मुलीने जरा थांबून चष्मा दिला, आणि त्यांनी उभ्या उभ्या तो स्क्रू घट्ट केला.

"किती झाले, काका?" तिने विचारले.

काकांनी नुसती मान हलवली.

मी माफीनामा फाडला नाही. तो कागद, पाकीट आणि घडलेला प्रकार स्टेशन डायरीला नोंदवून हवालदाराने कर्तव्यात कसूर केल्याचा अहवाल वर पाठवला. त्याला ताकीद मिळाली आणि बदली झाली. एवढेच. काही सहकारी मला म्हणाले, "एका चष्म्यासाठी आपल्याच माणसाला अडकवलंस?" त्याचे उत्तर आज सांगतो. चष्म्यासाठी नव्हते. जिला दिसत नव्हते तिला अंधारात ठेवून आम्ही सही मागत होतो, आणि तिचा एवढाच गुन्हा होता की तिने स्वस्त वस्तू घेतली होती. महाग वस्तू फुकट घेणाऱ्याला आमच्याकडे कोणी बिल विचारत नव्हते. अहवालात माझ्या दोन तासांच्या गप्प बसण्याबद्दल मी काही लिहिले नाही. ते इथे लिहितो आहे.

त्यानंतर नोकरीत होतो तोवर जबाब देणाऱ्याला मी आधी विचारत असे, चष्मा लागतो का? आणलाय का? नसला तर घरून मागवायचा, तोवर थांबायचे. माझ्या हाताखालची मुले यावर विनोद करत. करोत.

शेवटची काही वर्षे मी चारित्र्य पडताळणीच्या कामावर होतो. शहरभरचे अर्ज टेबलावर येत. एके दिवशी एका अर्जावर तिचे नाव दिसले. गाव तेच, सरकारी प्रयोगशाळेत नेमणूक. फोटोत चष्मा होता, दुसरा. दाखल गुन्हे, तक्रारी, माफीनामे, काही असल्यास, असा रकाना होता. मी खिशातून माझा चष्मा काढला. तोही तोवर मोबाइलवरूनच मागवलेला होता. ठाण्याचा अहवाल नीट वाचला आणि रकान्यात लिहिले: निरंक.

खाली तिची सही होती, स्वच्छ, पूर्ण नावाची. अर्ज चार पानांचा होता, बारीक अक्षरांचा. तिने तो सगळा वाचला असणार.