घरामागचा तांबडा थर

आमच्या आंदर मावळात एके काळी समुद्र होता, हे मी जन्मभर सांगत आलो. नांगराला लागलेला दगड फोडला की आत पांढरे, मोत्यासारखे चमकणारे शिंपले निघतात. तिसरी शिकलेल्या माणसाला एवढी खूण पुरे होती. समुद्राच्या तळातून वर आलेला डोंगर कशानं हलतोय?

म्हणून घरामागं बंगल्यांसाठी पोकलेननं डोंगर कापला, तेव्हा मी घाबरलो नाही. पोरगा घाबरला. त्यानं डोंगर बघायला खडकांचं शिकलेली एक बाई आणली. मी तिच्या हातात शिंपला ठेवला.

"आजोबा, हा शिंपला नाही. लाव्हा थंड होताना पोकळ्या राहिल्या, त्यात हे स्फटिक धरले. या डोंगरात समुद्र नव्हता. तुमच्या घरात समुद्राचं काही असेल तर ही शहाबादी फरशी. ती समुद्राच्या गाळाची."

"म्हंजे समुद्रावर मी रोज पाय पुसतो," मी म्हणालो. ती हसली. मला हसू आलं नाही.

मग तिनं कापलेल्या डोंगराकडं बोट केलं. वर काळा खडक, खाली काळा खडक, मधे वीतभर तांबडी माती. त्या मातीवरून पाणी झिरपत होतं. "पाणी स्वच्छ आहे तोवर ठीक. तांबडं गढूळ आलं तर ही माती वाहून चाललीय, वरचा खडक खाली येईल. मग घरात थांबू नका."

"ऐकलं का, आबा?" पोरगा म्हणाला.

"कान हायत मला."

"हायत, पन आत काय जात न्हाई."

यंदा भातलावणी उरकली आणि पाणी तांबडं झालं. शेण टाकायला मागं गेलो तेव्हा मीच आधी पाहिलं. दुपारपर्यंत कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर ती बाई खरी ठरली असती. मग सून नातीला न्हाऊ घालायला मागच्या पडवीत बसली, आणि ते मला बघवेना.

"सामान बांधा," मी म्हणालो.

"कुटं जायचं?" सुनेनं विचारलं.

"टाकव्याला, बहिणीकडं. गुरं बी सोडा."

आता बहिणीच्या ओट्यावर बसलोय. डोंगर अजून उभा आहे. चहा देताना बहीण विचारते, "काय दादा, पडला का तुजा डोंगर?" पोरगा रोज सकाळी लांबून बघून येतो. तो येईस्तोवर माझी नजर रस्त्यावरून हलत नाही. डोंगर पडला तर मी हातानं बांधलेलं घर जातंय. नाही पडला तर आबा भिऊन पळाला, असं गाव म्हणणार. यातलं मला काय हवंय, ते देवापुढं हात जोडतानाही सांगता येत नाही.